उणे १,०९५ डॉलर: ईव्हीवरच्या एका गाजलेल्या पेपरचं वाचन



कोर्सवर्कच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये जर्नल क्लबला माझी पाळी आली तेव्हा विषय मीच निवडला होता: विजेवरच्या गाड्या आणि हवा. शेवटच्या स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या ईव्हीला सबसिडी देणं म्हणजे प्रदूषणाला सबसिडी देणं’. आधार म्हणून एका नामांकित नियतकालिकातला पेपर दिला होता. एम.एस्सी.ला नुकताच आलेला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, यातला विजेचा डेटा कुठल्या वर्षांचा आहे?" मला सांगता आलं नाही. मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचला होता, त्यावर आलेला एक लेख वाचला होता, दोन आलेख उचलले होते. पेपर वाचलाच नव्हता.

त्यानंतर तो पेपर मी चार-पाच वेळा नीट वाचला. आज त्याच्याबद्दल लिहितेय. दोन कारणं आहेत. एक म्हणजे ईव्हीच्या अनुदानावर वाद घालणारे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने तो वापरतात. दुसरं, गेल्या महिन्यात एका ज्युनियरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला दिला, त्यात याच पेपरचा निष्कर्ष उचलून सरळ महाराष्ट्राला लावला होता. म्हणजे माझीच चूक, फक्त जास्त आत्मविश्वासाने केलेली. सिनॉप्सिस मंजूर झाला की अशा चुकीवर चार-पाच वर्षं उभी राहतात, म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

पेपर काय म्हणतो

स्टीफन हॉलंड, एरिन मॅन्सूर, निकोलस मुलर आणि अँड्र्यू येट्स या चौघांचा हा पेपर डिसेंबर २०१६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. प्रश्न साधा आहे: विजेवरची गाडी चालवल्याने पर्यावरणाचा फायदा होतो का, आणि तो अमेरिकेत सगळीकडे सारखा असतो का? त्या वेळी अमेरिकेचं केंद्र सरकार ईव्ही घेणाऱ्याला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत देत होतं. गाडी कॅलिफोर्नियात घ्या नाहीतर नॉर्थ डकोटात, सवलत तीच.

उत्तर काढायला त्यांनी तीन गोष्टी एकत्र जोडल्या. पहिली, माणूस पेट्रोल गाडी घेईल की ईव्ही, याचं एक अर्थशास्त्रीय मॉडेल. दुसरी, २०१० ते २०१२ या तीन वर्षांतली वीजकेंद्रांच्या उत्सर्जनाची तासातासाची नोंद. त्यावरून एखाद्या भागात विजेची मागणी थोडी वाढली तर कुठल्या केंद्राचं उत्सर्जन किती वाढतं, हे त्यांनी संख्याशास्त्राने काढलं. तिसरी, एपी२ नावाचं हवा-प्रदूषणाचं मॉडेल. धूर कुठे सुटला, कुठे पोचला, तिथे किती लोक राहतात आणि त्याची पैशात किंमत किती, हे त्यातून मिळतं. मग २०१४ सालच्या ११ ईव्ही घेऊन प्रत्येकीची तुलना तिच्या जवळात जवळच्या पेट्रोल गाडीशी केली. फोर्ड फोकसची विजेवरची आवृत्ती विरुद्ध पेट्रोलवरची फोर्ड फोकस, अशी. कडाक्याच्या थंडीत बॅटरी जास्त वीज खाते, तेसुद्धा हिशेबात धरलं.

निष्कर्ष असा: पर्यावरणाच्या फायद्याएवढंच अनुदान द्यायचं ठरवलं, तर कॅलिफोर्नियात प्रत्येक ईव्हीला २,७८५ डॉलर द्यायला हवेत. नॉर्थ डकोटात उणे ४,९६४, म्हणजे उलट तेवढा कर घ्यायला हवा. देशाची सरासरी उणे १,०९५ डॉलर. हाच तो आकडा जो सगळीकडे फिरतो, आणि माझ्या स्लाइडवरही होता.

यात खरोखर चांगलं काय आहे

टीका करण्याआधी हे मान्य करायला हवं की या पेपरने विचार करायची पद्धत बदलली. दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, सरासरी आणि सीमांत यातला फरक. समजा एका ग्रीडवर निम्मी वीज कोळशाची आणि निम्मी जलविद्युत-सौर-अणुऊर्जेची आहे. तुम्ही रात्री गाडी चार्जिंगला लावली. आपण चटकन म्हणतो, माझी गाडी निम्मी कोळशावर. पण तुमच्या जास्तीच्या दोन युनिटसाठी ढगाआडून सूर्य येत नाही, आणि अणुभट्टी तर आधीच पूर्ण क्षमतेने चालू आहे. कुठलंतरी एक केंद्र आपलं उत्पादन किंचित वाढवतं. तुमच्या गाडीचा हिशेब त्या केंद्राच्या धुराशी आहे. घरगुती उदाहरण द्यायचं तर, पंगतीला ऐनवेळी चार माणसं वाढली की झालेला स्वयंपाक कोण करत होतं हे महत्त्वाचं नसतं, आता पुन्हा गॅसपाशी कोण उभं राहतं हे महत्त्वाचं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करणारी वाटते. एखाद्या राज्यात ईव्ही चालवल्याने जे स्थानिक वायुप्रदूषणाचं नुकसान होतं, त्यातलं ९० टक्के दुसऱ्या राज्यांत जाऊन पडतं. पेट्रोल गाडीचा धूर बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्याच गावात राहतो. ईव्हीचा धूर वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातून निघतो आणि वाऱ्याबरोबर दूर जातो. म्हणून राज्य सरकारला ईव्हीला अनुदान देणं फायद्याचं वाटू शकतं, जरी देशाचा एकूण हिशेब तोट्याचा असला तरी. स्वतःची हवा साफ होते आणि शेजाऱ्याची बिघडते. हा मुद्दा मांडायला इतकं तगडं काम त्याआधी माझ्या वाचनात आलं नव्हतं.

आकडा उघडून पाहू

आता उणे १,०९५ कडे वळू. हा आकडा थेट मोजलेला नाही. लेखकांनी दर मैलामागचं नुकसान काढलं: ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा सरासरी ०.७३ सेंट जास्त नुकसान करते. मग गाडी आयुष्यभरात १,५०,००० मैल चालेल असं धरलं. ०.७३ गुणिले १,५०,००० म्हणजे १,०९,५०० सेंट, म्हणजेच १,०९५ डॉलर. एवढंच.

वही-पेन घेऊन हा गुणाकार एकदा स्वतः करा. तो केल्यावर मला कळलं की माझ्या स्लाइडवरचा भारदस्त आकडा अर्धा मोजमाप होता आणि अर्धा गृहीतक. लुकस डेव्हिस यांनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रवास-सर्वेक्षणावरून दाखवलं की तिथल्या ईव्ही वर्षाला साधारण ७,००० मैल चालतात, तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या साधारण १०,२००. मैल कमी झाले तर आकडा लहान होतो. पण चिन्ह बदलत नाही, उण्याचं अधिक होत नाही. टीका करताना हा फरक सांभाळायचा असतो. काही आक्षेप आकार बदलतात, काही चिन्ह बदलतात. दोन्ही एकाच दमात फेकले की परीक्षक लगेच ओळखतात.

पहिला आक्षेप: आकड्यात काय धरलेलं नाही

लेखक या अनुदानाला ‘दुय्यम-इष्टतम’ अनुदान म्हणतात. अर्थ असा की खरा उपाय वेगळाच आहे. पेट्रोलच्या धुरावर आणि वीजकेंद्राच्या धुरावर थेट त्या-त्या नुकसानीएवढा कर लावा, मग ईव्हीला वेगळी सबसिडी नको आणि दंडही नको. ते होत नाही असं गृहीत धरून, निदान गाडीच्या खरेदीवर काय करता येईल, असा हा प्रश्न आहे. राज्याराज्यांत वेगवेगळं अनुदान दिलं तरी फायदा माफकच होतो, हे लेखकांनीच सांगितलंय. म्हणजे पेपरचा खरा रोख ‘ईव्ही वाईट’ असा नाहीच. खरेदीवरची सबसिडी हे बोथट हत्यार आहे, असा आहे.

शिवाय हा हिशेब गाडी चालवताना होणाऱ्या प्रदूषणाचा आहे. आज सबसिडी दिल्याने बॅटरीचं उत्पादन वाढतं, शिकता शिकता ती स्वस्त होते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या देशातल्या माणसाला ती परवडते. हा फायदा त्यात नाही. चार्जिंग स्टेशन आणि गाड्या एकमेकांच्या आधाराने वाढतात, तेही नाही. दुसऱ्या बाजूला बॅटरीसाठी होणाऱ्या खाणकामाचा खर्चही नाही. यात लेखकांचा दोष नाही, प्रत्येक पेपर कुठेतरी कुंपण घालतोच. दोष आपला, कुंपणाच्या आतला आकडा आपण कुंपणाबाहेर नेतो.

दुसरा आक्षेप: काळ

मागच्या बाकावरचा प्रश्न हाच होता. विजेचा डेटा २०१०-१२ चा. त्यानंतर अमेरिकेत स्वस्त नैसर्गिक वायू आला, कोळशाची बरीच केंद्रं बंद पडली, उरलेल्यांवर प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा बसली. याच चौघांनी २०२० मध्ये पुढचा पेपर लिहिला. त्यात वीजकेंद्रांच्या धुराने होणारं वार्षिक नुकसान २०१० ते २०१७ मध्ये २४५ अब्ज डॉलरवरून १३३ अब्ज डॉलरवर आल्याचं दाखवलं. पूर्वेकडच्या ग्रीडवर एका जास्तीच्या युनिटमागचं नुकसान ८.६ सेंटवरून ६ सेंटवर आलं. आणि निष्कर्ष? आता ईव्ही सरासरीने पेट्रोल गाडीपेक्षा स्वच्छ आहे.

म्हणजे लेखकांनी स्वतःच आपल्या आकड्याचं चिन्ह बदललं. मी जर्नल क्लबमध्ये उभी होते तेव्हा हा दुसरा पेपर छापून झाला होता. मी शोधलाच नव्हता. मंडळी, कुठलाही पेपर वापरण्याआधी ‘याच लेखकांनी नंतर काय लिहिलं’ हे बघायला दहा मिनिटं लागतात.

पण इथे दुसऱ्या बाजूचे लोकही घसरतात. "ग्रीड दरवर्षी साफ होतंय, म्हणजे ईव्हीपण आपोआप साफ होतेय," असं सर्रास लिहिलं जातं. हॉलंड, मॅथ्यू कॉचेन, मॅन्सूर आणि येट्स यांनी २०२२ मध्ये दाखवलं की अमेरिकेत २०१० ते २०१९ या काळात विजेचं सरासरी कार्बन उत्सर्जन २८ टक्क्यांनी घटलं, पण सीमांत उत्सर्जन ७ टक्क्यांनी वाढलं. जास्तीची मागणी आली की ती भागवायला पूर्वीपेक्षा जास्त वेळा कोळशाचं केंद्र पुढे येऊ लागलं. पंगतीचं उदाहरण आठवा. स्वयंपाकघरात माणसं बदलली, पण ऐनवेळी गॅसपाशी उभं राहणारी व्यक्ती तीच राहिली.

यावरही एक प्रतिवाद आहे आणि तो मला पटतो. हा सीमांत हिशेब आजच्या केंद्रांना गृहीत धरतो. एक गाडी आज लागली तर बरोबर. पण लाखो गाड्या दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर राहणार असतील, तर त्यांच्यासाठी नवी केंद्रं उभी राहतात, आणि ती कसली असतील यावर सगळं ठरतं. पीटर गॅग्नन आणि वेस्ली कोल यांनी २०२२ मध्ये याच कारणासाठी ‘दीर्घकालीन सीमांत’ उत्सर्जनाचा आग्रह धरला. तेव्हा आपला प्रश्न ‘आज रात्री चार्जिंग केलं तर काय’ हा आहे, की ‘पुढची पंधरा वर्षं अनुदान दिलं तर काय’ हा, हे आधी ठरवा. पहिल्याला अल्पकालीन सीमांत आकडा लागतो, दुसऱ्याला दीर्घकालीन. २०१६ चा पेपर पहिल्या प्रकारच्या आकड्याने दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देतो. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी मर्यादा आहे.

तिसरा आक्षेप: कशाच्या जागी?

फोर्ड फोकसच्या जागी फोर्ड फोकस ही तुलना कागदावर नीटनेटकी आहे. पण ईव्ही घेणारा माणूस ती न मिळाल्यास काय घेतो? जियानवेई शिंग, बेंजामिन लिअर्ड आणि शानजुन ली यांनी २०२१ मध्ये हा प्रश्न घेतला. अमेरिकेत ईव्ही मुख्यतः आधीच कमी तेल पिणाऱ्या गाड्यांची जागा घेते, असं त्यांना दिसलं. करसवलतीमुळे ईव्हीची विक्री २९ टक्क्यांनी वाढली, पण सवलतीतला ७० टक्के वाटा अशा घरांना गेला जी सवलतीशिवायही ईव्ही घेणारच होती.

हा आक्षेप अनुदानाच्या वादात सगळ्यात जड आहे. सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकस डेव्हिस यांनी २०१६ मध्ये करविवरणांवरून काढलं होतं की ईव्हीच्या करसवलतीतला जवळपास ९० टक्के हिस्सा वरच्या २० टक्के उत्पन्नगटाला मिळाला. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवा: पैसा गेला श्रीमंतांकडे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याची गरज नव्हती. ईव्ही स्वच्छ आहे की नाही हा वाद एका जागी, आणि तिला अशा पद्धतीने पैसे द्यावेत का हा वाद वेगळ्या जागी. पहिला जिंकला म्हणून दुसरा जिंकला असं होत नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये ही करसवलत सप्टेंबरअखेर बंद झाली तेव्हाच्या चर्चेतही हे दोन वाद एकमेकांत कालवले गेले.

चौथा आक्षेप: डॉलरमधला जीव

शेवटी सगळं डॉलरमध्ये आणायचं, म्हणजे एका टन कार्बन डायऑक्साइडची किंमत ठरवावी लागते. २०१६ च्या पेपरमध्ये ती ४० डॉलरच्या आसपास होती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये तीच १९० डॉलर धरली. किंमत वाढली की जिथे ईव्हीचं कार्बन उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा कमी आहे तिथे तिचं पारडं जड होतं, आणि जिथे जास्त आहे तिथे उलटं. सूक्ष्मकणांनी होणाऱ्या मृत्यूंची किंमतही अशीच कुणीतरी ठरवलेली असते. आपल्यासारख्या विज्ञानशाखेतून आलेल्यांना वाटतं की मोजमाप झालं की काम संपलं. इथे मोजमापानंतर एक मूल्यनिर्णय असतो, आणि तो पुष्कळदा परिशिष्टातल्या एखाद्या तक्त्यात बसलेला असतो. तो तक्ता आधी शोधा.

मग महाराष्ट्राचं काय?

ज्युनियरच्या मसुद्यात वाक्य होतं: महाराष्ट्रातही बरीचशी वीज कोळशाची असल्याने इथे ईव्हीला नकारात्मक अनुदान योग्य ठरेल. या वाक्यात पाच-सहा उड्या आहेत. एकेक बघू.

वाहन वेगळं आहे. पेपर मोटारींचा आहे. आपल्याकडे विजेवर आलेली वाहनं प्रामुख्याने दुचाकी आणि तीनचाकी आहेत. एक ढोबळ हिशेब करा. विजेवरची स्कूटर १०० किलोमीटरला साधारण ३ युनिट खाते असं धरू. चार्जर आणि तारांमधली गळती मिळवून केंद्रात ३.७५ युनिट तयार करावी लागतात असं धरू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे सुमारे २.६ किलो. सगळी वीज कोळशाचीच धरली आणि युनिटमागे १ किलो घेतला, तरी ३.७५ किलो. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि लिटरमागे २.३ किलो निघत असेल, तर १०० किलोमीटरला ५.१ किलो. म्हणजे कार्बनपुरतं बोलायचं तर पूर्ण कोळशाच्या विजेवरही स्कूटर पुढे आहे. माझी गृहीतकं बदलून पहा, चिन्ह कुठे बदलतं ते शोधा. हाच खरा व्यायाम आहे.

पण २०१६ च्या पेपरमध्ये पूर्वेकडची राज्यं उण्यात गेली ती मोठ्या प्रमाणावर सल्फर डायऑक्साइडसारख्या स्थानिक प्रदूषकांमुळे. आणि इथे आपली बाजू नाजूक आहे. कोळशाच्या केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मानकं केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये आणली. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून मोकळीक मिळाली. अमेरिकेत ज्या बदलाने आकड्याचं चिन्ह फिरवायला मदत केली, तोच बदल आपण बराचसा सोडून दिला. कार्बनचा हिशेब आपल्या बाजूने आहे म्हणून आरोग्याचा हिशेबही असेल, असं धरून चालता येत नाही.

ग्रीड वेगळं आहे. अमेरिकेत पूर्व, पश्चिम आणि टेक्सास अशी तीन वेगळी ग्रीड आहेत, म्हणूनच तिथले आकडे इतके विखुरलेले दिसतात. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रीड बाकीच्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून देशाचं एकच ग्रीड आहे. पुण्यात लावलेल्या स्कूटरसाठी धूर कुठे निघतो हे त्यामुळे सहज सांगता येत नाही. आपण चटकन चंद्रपूर म्हणतो, कारण २,९२० मेगावॉटचं ते केंद्र डोळ्यांत भरतं. पण केंद्रं चालवली जातात ती मेरिट ऑर्डरने, म्हणजे स्वस्त वीज आधी. खाणीजवळच्या केंद्राचा कोळसा वाहतुकीविना येतो, त्यामुळे ते रांगेत पुढे असू शकतं आणि तसंही चालूच असतं. जास्तीच्या मागणीला उठतं ते खाणीपासून लांबचं, महाग केंद्र. ते राज्यातलं असेल, नाहीतर दुसऱ्या राज्यातलं. हे अंदाजाने लिहायचं नसतं, काढायचं असतं. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

वेळही महत्त्वाची आहे. विजेच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्ज होणारी स्कूटर आणि रात्री सोसायटीत चार्ज होणारी तीच स्कूटर, सीमांत हिशेबात दोन वेगळी वाहनं आहेत. मग पैसा स्कूटरवर द्यावा, की ऑफिसातल्या प्लगवर?

अनुदानाची रचनाही पाहा. फेम-२ मध्ये दुचाकीला किलोवॅट-तासाला १०,००० रुपये होते, जून २०२१ मध्ये १५,००० झाले, जून २०२३ पासून पुन्हा १०,०००, आणि मार्च २०२४ ला योजना संपली. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह आली. मुंबईत घ्या की गडचिरोलीत, केंद्राचा दर एकच. राज्याने आपलं धोरण २०२१ मध्ये आणि मग २०२५ मध्ये वेगळं आणलं. अमेरिकेतल्या त्या ९० टक्क्यांच्या मुद्द्याची इथे आठवण यावी: मुंबई-पुण्याची हवा साफ करण्याची किंमत दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा दुसऱ्या राज्यातलं गाव मोजत असेल, तर तो खर्च कुठल्या खात्यात लिहिला जातो?

आणि ‘कशाच्या जागी’ हा प्रश्न आपल्याकडे जास्त टोकदार आहे. ई-रिक्षा डिझेल टमटमच्या जागी आली, की पायडल रिक्षाच्या? पहिल्यात हवेला फायदा आहे. दुसऱ्यात माणसाच्या पायांना आराम आहे, जो मोलाचाच आहे, पण तो उत्सर्जनाच्या रकान्यात लिहिता येत नाही.

माझं मत

हा पेपर उत्तम आहे, आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा त्यातली सगळ्यात कमी टिकाऊ गोष्ट आहे. तीन वर्षांच्या डेटावर, एका देशाच्या ग्रीडवर, एका गृहीत आयुष्यमानावर तो उभा होता, आणि लेखकांनीच तो पुढे मागे टाकला. टिकाऊ आहे ती पद्धत: सीमांत केंद्र शोधा, धूर कुठे पडतो ते पहा, आणि फायदा घेणारा व नुकसान सोसणारा वेगवेगळे आहेत का ते विचारा. पद्धत प्रवास करते, आकडा करत नाही.

अनुदानाबद्दल विचाराल तर, अमेरिकेच्या पुराव्यावरून मला श्रीमंतांच्या मोटारींच्या खरेदीवर पैसा देणं समर्थनीय वाटत नाही. बस आणि तीनचाकी यांचा हिशेब वेगळा आहे, कारण ती दिवसभर धावतात आणि मैलांचा गुणाकार तिथे मोठा होतो. पण कोळशाच्या धुराड्यावर सल्फर रोखण्याची सक्ती सैल करायची आणि त्याच वेळी विजेवरच्या वाहनांना पैसा द्यायचा, या दोन धोरणांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. हे मात्र मी आज कुठल्याही स्लाइडवर लिहायला तयार आहे, डेटाच्या वर्षासकट.

ज्युनियरला मी मसुदा परत दिला तेव्हा समासात एकच प्रश्न लिहिला: ‘विजेचा डेटा कुठल्या वर्षांचा?’ दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "ताई, दुसरा पेपर सापडला. सगळं परत लिहावं लागणार." मी म्हटलं, लिही. आत्ता दोन दिवस गेले तर गेले.

तुम्ही हा पेपर वाचलात तर आधी तक्ते वाचा, मग अ‍ॅबस्ट्रॅक्ट. आणि स्कूटरचा माझा हिशेब चुकला असेल तर नक्की कळवा, पण कुठलं गृहीतक बदललंत ते सांगून.